एक खिडकी रोखीची ठेवा



आधी काम सांगतो, कारण मागाहून. तुमच्या शहरातल्या स्टेडियमवर किंवा क्रीडा संकुलात या हंगामापासून ‘संपूर्ण कॅशलेस’ अशी पाटी लागणार असेल, किंवा लागलीच असेल, तर येत्या पंधरा दिवसांत संयोजकांना एक पत्र द्या. पत्रात एवढंच मागा, की प्रत्येक स्टँडमध्ये खाण्यापिण्याच्या एका तरी खिडकीवर नोटा घ्या, आणि तिकिटांच्या एका खिडकीवरही घ्या. कार्ड बंद करा असं माझं म्हणणं नाही. क्यूआर कोडचे फलक काढा असंही नाही. ते राहू देत, वाढू देत. फक्त त्यांच्या शेजारी एक खिडकी रोखीची असू द्या.

घाई एवढ्यासाठी, की स्टॉलचे ठेके हंगाम सुरू व्हायच्या आधी दिले जातात. करारात ‘फक्त डिजिटल’ असं लिहून सह्या झाल्या, की मग तुम्ही खिडकीपाशी कितीही वाद घाला, आतला पोरगा काही करू शकत नाही. बोलायचं ते आत्ताच.

मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात शाळेच्या कबड्डी आणि खो-खो संघांतल्या सव्वीस मुलींना एका मोठ्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना दाखवायला नेलं होतं. त्यातल्या बाविसांनी स्टेडियम फक्त टीव्हीवर पाहिलेलं. तिकिटं गावातल्या एका दुकानदाराने देणगी म्हणून ऑनलाइन काढून दिली. गाडीचं भाडं शाळेने आणि पालकांनी मिळून भरलं. मुलींना सांगितलं होतं, खाऊला पन्नास रुपये आणा, जास्त नको.

गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. ते ठीक, मैदानात बाटली फेकतात म्हणून तो नियम आहे. पॉवर बँक काढून घेतली. मग नाणी काढायला सांगितली. नाणीही फेकून मारता येतात, म्हणून बहुतेक मोठ्या सामन्यांना ती आत नेऊ देत नाहीत. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मुलींनी पाच-पाचची, दहाची नाणी टाकली. सुरक्षेचा नियम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याचा अर्थ लक्षात घ्या. घरून आणलेलं पाणी गेलं, सुट्टे पैसे गेले. आता पाणी विकतच घ्यायचं आणि ते नोटेनेच.

दुपारचे अडीच वाजले असतील. आमच्या स्टँडवर छप्पर नव्हतं. आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली, म्हणाली, सर, घसा कोरडा पडलाय. तिला घेऊन खाली स्टॉलवर गेलो. तिने रुमालाची गाठ सोडली. आत चार घड्या घातलेली पन्नासची नोट होती. आजीने दिलेली. तिने ती काउंटरवर हाताने सपाट केली आणि पुढे सरकवली. स्टॉलवरच्या पोराने नोटेला हातही लावला नाही, वरच्या फ्लेक्सकडे बोट केलं: ‘रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही.’

मी म्हटलं, मी देतो, सगळ्यांचंच पाणी घेऊ. फोन काढला, कोड स्कॅन केला. चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मागे रांग वाढत होती. मग कार्ड दिलं. त्या मशीनलाही सिमकार्डच असतं आणि तेही त्याच टॉवरवर चालतं. पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा माझ्या फोनवर पाचशे वीस रुपये कापल्याचा मेसेज आला, पण मशीनमधून पावती आली नाही. पोरगा म्हणाला, सर, माझ्याकडे आलेले दिसत नाहीत, दिले तर माझ्या पगारातून जातील. खोटं बोलत नव्हता तो. त्याचाही घाम निथळत होता.

शेवटी रांगेतल्या एका गृहस्थांनी त्यांच्या फोनवरून पैसे भरले. त्यांचं नेटवर्क वेगळ्या कंपनीचं होतं, ते चाललं. मी त्यांना पाचशेची नोट आणि वीसची नोट दिली, त्या त्यांनी खिशात घातल्या. त्याच काउंटरसमोर, दोन हातांच्या अंतरावर, नोट चालली. फक्त काउंटरच्या पलीकडे चालत नव्हती.

माझे कापलेले पैसे चौथ्या दिवशी परत आले. म्हणजे नियमातच आले. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली घालून दिलेल्या मुदतीप्रमाणे दुकानातल्या मशीनवर किंवा यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत यायला हवी. उशीर झाला तर रोज शंभर रुपये भरपाई. चांगला नियम आहे आणि प्रत्येकाला तो माहीत असला पाहिजे. पण उन्हात तहानलेल्या मुलीला पाच दिवसांची मुदत देता येत नाही.

हे त्या एका स्टेडियमचं अपयश आहे असं समजू नका. स्टेडियमवर नेटवर्क का बसतं ते आपल्याला गावाकडच्या नळावरून पटकन कळेल. सगळ्या वाड्यांनी एकाच वेळी नळ सोडले की शेवटच्या घरात धार येत नाही. तीस-चाळीस हजार माणसं एका वाडग्यात बसलेली, प्रत्येकाच्या हातात फोन. षटकार गेला की हजारो व्हिडिओ वर चढवले जातात. डाव संपला की सगळे एकदम उठतात आणि स्टॉलवर जातात. नेमक्या त्याच वीस मिनिटांत सगळ्यांना पैसे द्यायचे असतात. यूपीआयचा निरोप तुमच्या फोनमधून ॲपकडे जातो, तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, मग तुमच्या बँकेकडे, दुकानदाराच्या बँकेकडे आणि पुन्हा माघारी. यातला एक टप्पा अडला तरी समोरचं चक्र फिरत राहतं.

शिवाय कधी कधी टॉवर ठीक असतो आणि मागची यंत्रणाच बसते. २६ मार्च २०२५ च्या संध्याकाळी देशभर यूपीआय अडखळलं, आणि पुन्हा १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी. दोन्ही दिवशी आयपीएलचा हंगाम चालू होता. रस्त्यावरच्या दुकानात असं झालं तर माणूस खिशातून नोट काढतो किंवा उद्या देतो म्हणतो. स्टेडियममध्ये उद्या नसतो. बाहेर पडलात तर तिकीट संपलं, परत आत सोडत नाहीत. दुसरं दुकान नाही, घरचं पाणी गेटवरच राहिलं. दुसरीकडे जायची सोय ठेवली नसेल, तर एकच एक रस्ता ठेवण्याचा अधिकार संयोजकांना कसा असेल?

आता दुसरी बाजू. ती मी नीट मांडणार आहे, कारण त्या बाजूची माणसंही खेळासाठीच राबतात, आणि त्यांचं बरंचसं म्हणणं खरं आहे.

ज्याने कधी यात्रेतल्या किंवा स्पर्धेतल्या स्टॉलवर काम केलंय त्याला रोखीचा त्रास विचारा. सुट्ट्यांची बोंब असते. वीसच्या चहाला पाचशेची नोट पुढे येते. मळक्या, फाटक्या, कधी खोट्या नोटा येतात. रात्री बारा वाजता गल्ला मोजायचा, तो दोनशेने कमी भरला की पोरांनी आपापसात भरून द्यायचा. नोटांची पिशवी घेऊन सुनसान रस्त्याने घरी जायचं. कार्डाने आणि यूपीआयने हे सगळं संपतं. नेटवर्क धड असेल तर रांगही भराभर पुढे सरकते. संघटनेला ठेकेदाराकडून विक्रीचा वाटा मिळत असेल, तर विक्री किती झाली हे लपवता येत नाही, आणि तो पैसा मैदानावर, खेळाडूंवर खर्च व्हायला हवा म्हणून हिशेब स्वच्छ असण्याला महत्त्व आहे.

प्रेक्षकाचाही एक मोठा फायदा आहे, तो फार कुणी बोलून दाखवत नाही. पुरावा. बंद पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदा आहे. एकाच मालावर बाजारात एक आणि स्टेडियममध्ये दुसरी अशा दोन छापील किमती लावायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. रोखीने जास्त पैसे दिले तर दाखवणार काय? डिजिटल व्यवहारात रक्कम, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव तिन्ही राहतात. बऱ्याच ठिकाणी बाटली न देता पाणी ग्लासात ओतून देतात आणि छापील किमतीचा प्रश्नच मिटवून टाकतात, तरी वेफर्सच्या पाकिटाबाबत तुमचा मोबाइल तुमचा साक्षीदार असतो. म्हणून ज्यांच्याकडे कार्ड आहे, फोन आहे, त्यांनी तेच वापरावं. रोखीची खिडकी ज्यांना लागते त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी. हेही माझ्या आवाहनातच धरा.

कार्डाचा खर्च कोणावर पडतो हेही समजून घेऊ. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर मोठ्या व्यापाऱ्याला शंभर रुपयांमागे जास्तीत जास्त नव्वद पैसे, वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्याला चाळीस पैसे. क्रेडिट कार्डावर त्याहून जास्त. म्हणजे वडापावचा स्टॉल चालवणाऱ्या बचतगटाला कार्ड मशीन परवडत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही, पण मशीनचं भाडं आणि क्रेडिट कार्डाचं शुल्क शेवटी वडापावच्या किमतीतच येतं. तो खर्च आपण सगळेच देतो.

कार्ड वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पाच हजार रुपयांपर्यंत नुसतं टेकवून, पिन न टाकता पैसे जातात. गर्दीत कार्ड पडलं तर उचलणाऱ्यालाही ते तसंच चालतं. ही टेकवायची सोय बंद-चालू करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची व्यवस्था बँकेने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे. सामन्याला निघण्यापूर्वी ॲपमध्ये जाऊन मर्यादा हजार रुपयांवर आणा, आणि कार्ड हरवलं तर सामना संपायची वाट न बघता त्याच क्षणी बँकेला कळवा. कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं.

काही ठिकाणी तिसराच मार्ग काढतात. आत शिरताना प्रीपेड कार्ड किंवा मनगटपट्टी घ्यायची, तीत पैसे भरायचे आणि आत तेवढीच चालवायची. रोख भरता येत असेल तर हा मार्ग वाईट नाही. पण अशी कार्डं फक्त त्याच आवारात चालतात, त्यांच्यातून रोख काढता येत नाही. पाचशे भरले, तीनशे ऐंशी खर्च झाले, उरलेले एकशे वीस गेले, असं होता कामा नये. बाहेर पडताना त्याच दारावर उरलेले पैसे हातात मिळाले पाहिजेत. ही अट लेखी घ्या.

मग राहतं कोण? कोणासाठी मी एवढा जीव तोडून लिहितोय?

शाळेतली मुलं. त्यांच्या नावावर ना कार्ड, ना यूपीआय. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली खरी, पण कार्ड द्यायचं की नाही हे बँक ठरवणार, आणि आमच्या वर्गातल्या एकाही मुलीकडे ते नाही. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातली आई. मुलीचा अंतिम सामना बघायला ती शेजारणीबरोबर आली, तर तिच्याकडे कनवटीला असतात त्या नोटाच. निवृत्त कामगार, ज्यांनी तरुणपणी लाल मातीत कबड्डी खेळली आणि आता बटणाचा फोन वापरतात. बटणाच्या फोनवरून यूपीआय करण्याची सोय २०२२ पासून आहे, पण गर्दीच्या गोंगाटात फोन करून, आकडे दाबून चहाचे पैसे देणारं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. शिवाय ज्यांचा फोन सामन्याच्या मध्यात बंद पडला ते सगळेच. पॉवर बँक तर गेटवर काढून घेतलेली असते.

हीच माणसं स्टँड भरतात. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारतातल्या साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवली होती. नवी मुंबईत २ नोव्हेंबरला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शंभर रुपयांचं तिकीट ठेवणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. लहानात लहान माणसाने, मुलीबाळींनी यावं. पण त्या तिकिटांच्या विक्रीचे पहिले काही दिवस एका पेमेंट ॲपच्या ग्राहकांसाठी राखून ठेवलेले होते. तिकीट स्वस्त करून दार उघडायचं आणि पैसे देण्याची रीत एकच ठेवून ते अर्धं लोटून घ्यायचं, हे एकमेकांशी जुळत नाही. ज्या मुलीसाठी दर उतरवला तिच्याच हातात ॲप नसतं.

आपल्या मातीतल्या खेळांकडे बघा. कोल्हापूरचं खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभं राहिलं, ते सामान्य माणसाला मातीच्या उतारावर बसून कुस्ती बघता यावी म्हणून. गावोगावच्या जत्रेतल्या फडात आजही पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. मग नारळ, मग वीस, पन्नास, शंभर, असा इनाम चढत जातो. हलगी कडाडत असते. जिंकलेला पोरगा फडाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या मातीने भरलेल्या हातात नोटा ठेवतात. कबड्डीच्या रात्रीच्या सामन्यात माइकवरून पुकारतात, अमक्यांकडून या पकडीला शंभर रुपये. माझ्या कितीतरी खेळाडूंची आयुष्यातली पहिली कमाई ती. घामाने ओली झालेली नोट. ती घेऊन तो पोरगा एखाद्या मोठ्या स्टेडियमवर आला आणि त्याला सांगितलं, हे इथे चालत नाही, तर त्याला काय वाटेल याचा विचार संयोजकांनी करावा. त्यांतले बरेच जण त्याच फडातून वर आलेले आहेत.

मैदानाबाहेर शेंगदाणे विकणाऱ्या मावशींकडे क्यूआरचा फलक असतो, पैसे आले की बोलणारा डबा असतो आणि कमरेच्या पिशवीत नोटाही असतात. तुझ्याकडे काय आहे ते दे, म्हणतात. कागदाच्या पुडीत शेंगदाणे भरता भरता त्या दोन्ही हिशेब सांभाळतात. जे त्या एकट्या करतात ते आतल्या लाखोंच्या ठेकेदाराला अशक्य आहे, हे मला पटत नाही.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ नुसार नोट हे देशात सर्वत्र कायदेशीर चलन आहे. नाण्यांच्या कायद्यानुसार एक रुपया आणि वरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात. पण विक्रेत्याने आधीच ‘रोख घेणार नाही’ अशी पाटी लावली असेल तर काय, यावर वकील दोन्हीकडून बोलतात. आपण खिडकीवर त्या वादात पडू नये. तिथल्या पगारी पोराशी भांडून काही मिळत नाही. नियम वरच बदलून घेतला पाहिजे.

आणि तो बदलून घेता येतो. अमेरिकेत अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम मार्च २०१९ मध्ये कॅशलेस झालं. तिथे त्यांनी नोटा घालून कार्ड काढायची यंत्रं बसवली आणि त्यासाठी शुल्क ठेवलं नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबचं नवं स्टेडियम सुरुवातीपासूनच कॅशलेस म्हणून उघडलं. पण त्याच वर्षी फिलाडेल्फिया शहराने आणि न्यू जर्सी राज्याने दुकानांनी रोख नाकारू नये असे कायदे केले, आणि नोव्हेंबर २०२० पासून न्यूयॉर्क शहरात रोख नाकारणाऱ्याला पहिल्या खेपेस हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. तिथेही लोकांनी तेच म्हटलं होतं, की बँकेत खातं नसलेल्या, गरीब आणि म्हाताऱ्या माणसांना दुकानाबाहेर काढू नका. नॉर्वेसारख्या देशानेही, जिथे खिशात नोटा बाळगणारे फार थोडे, ऑक्टोबर २०२४ पासून गिऱ्हाइकाचा रोख देण्याचा हक्क कायद्याने अधिक पक्का केला. यंत्रणा बंद पडली तर देशाचं काय, ही त्यांची एक चिंता होती. आपण तर अजून रोज सतरा भाषांत छापलेल्या नोटा वापरतो. त्या मुलीच्या नोटेवर आपल्या मराठीतही ‘पन्नास रुपये’ असं लिहिलेलं होतं.

संयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. हे अवघड नाही. नाणी आत येत नाहीत, तर भाव दहाच्या पटीत ठेवा, म्हणजे सुट्ट्यांचा प्रश्न निम्मा सुटेल. रोखीच्या खिडकीवर दहा-वीसच्या नोटांची पुडकी सकाळीच द्या. दोघे बसवा, एकाने पैसे घ्यावे, दुसऱ्याने माल द्यावा. रोखीच्या विक्रीलाही छापील बिल द्या, म्हणजे हिशेबाची तुमची काळजी मिटते. गल्ला कमी भरला तर पोरांच्या पगारातून कापू नका. आणि पिण्याचं पाणी फुकट ठेवा. नळाला लावलेली स्वच्छ टाकी आणि कागदी पेले, प्रत्येक स्टँडला. बाटली तुम्ही गेटवर घेता, तर पाण्याची जबाबदारी तुमचीच आहे. ते कार्डावरही नको, रोखीवरही नको.

आता पत्र कसं द्यायचं ते सांगतो, कारण यातच आपण कमी पडतो. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या मजकुराची कुठे नोंद होत नाही. कागद लागतो. साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, एवढं लिहा:

‘आपल्या मैदानावरील सामन्यांच्या वेळी डिजिटल व्यवहारांबरोबरच एक तिकीट खिडकी व प्रत्येक स्टँडमध्ये किमान एक विक्री खिडकी रोख रकमेसाठी खुली ठेवावी व त्यावर ठळक फलक लावावा. नेटवर्क बंद पडल्यास सर्व स्टॉलनी रोख रक्कम स्वीकारावी. प्रीपेड कार्ड दिल्यास शिल्लक रक्कम त्याच दिवशी रोखीने परत करावी. पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध करून द्यावे. या अटी स्टॉलच्या करारात समाविष्ट कराव्यात, ही विनंती.’

खाली नाव, गाव, सही. एकट्याची सहीही चालते, पण तालमीतल्या, मंडळातल्या, महिला बचतगटातल्या पंधरा-वीस सह्या घेतल्या तर वजन वाढतं. सामना संघटनेचा असेल तर सचिवांच्या नावाने, मैदान महापालिकेचं असेल तर आयुक्तांच्या नावाने, क्रीडा संकुल असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावाने. दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. आठ दिवसांनी तो क्रमांक सांगून विचारायला जा. मुख्याध्यापकांनो, तुम्ही शाळेच्या लेटरहेडवर द्या. सहल नेणाऱ्या शाळेचं पत्र बाजूला टाकणं कुणालाही अवघड जातं. आणि ज्यांचे स्वतःचे स्टॉल आहेत त्यांनी ठेका भरतानाच विचारावं, रोख घ्यायची परवानगी आहे का? तुमच्यापैकी चौघांनी विचारलं तर करारातली ती ओळ बदलेल.

सामन्याला जाताना दोन गोष्टी जवळ ठेवा. ज्यांचं यूपीआय आहे त्यांनी घरून निघतानाच यूपीआय लाइटमध्ये थोडे पैसे भरून ठेवावेत. लहान रकमेला पिन लागत नाही आणि प्रत्येक वेळी बँकेच्या यंत्रणेवर ताण येत नाही. आणि खिशात पन्नास-शंभरच्या चार नोटा ठेवा. शेजारच्या कुणाची नोट नाकारली गेली तर त्याच्या वतीने तुमच्या फोनवरून पैसे भरा आणि त्याची नोट घ्या, जसं त्या गृहस्थांनी आमच्यासाठी केलं. नाकारल्याच्या पाटीचा फोटो काढा आणि पत्राला जोडा.

त्या दिवशी पाणी प्यायल्यावर ती मुलगी परत जागेवर जाऊन बसली. पन्नासची नोट तिने पुन्हा रुमालात बांधली. येताना गाडी एका धाब्यावर थांबली तेव्हा तिने त्याच नोटेने आजीसाठी शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि उरलेले पैसे मोजून परत गाठीत ठेवले.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघणार आहोत. या वेळी अठ्ठावीस मुली आहेत, आणि चौघींच्या आयाही येणार आहेत. माझं पत्र लिहून झालंय, त्यावर गावातल्या एकतीस जणांच्या सह्या आहेत. सोमवारी सकाळी साडेदहाला कार्यालय उघडतं, तेव्हा मी दारात असेन. तुमचंही पत्र त्याच आठवड्यात जाऊ द्या.